नवीन मास्तरांचं रिसर्च आपल्या टेबलावर अडू नये म्हणून

नवीन असिस्टंट प्रोफेसर जॉइन झाला की आपण ऑफिसवाले त्याच्याकडून पॅन घेतो, आधार घेतो, मेडिकल घेतो, फोटो घेतो, देत मात्र काहीच नाही. त्याच दिवशी अर्धा तास बसवा, चहा पाजा आणि सांगा की पैशाची फाईल कुठून कुठे जाते, किती सह्या लागतात, कोणते साहेब कुठल्या वारी भेटतात. पीएचडीत हे कोणी शिकवत नाही हो.

टाइमटेबल लावणाऱ्यांना हात जोडून एक विनंती. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमात असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला १६ तास शिकवणं आहे, ते सहा दिवसांत शिंपडू नका. विरार किंवा बदलापूरहून येणाऱ्याचे रोज तीन-चार तास लोकलमध्येच जातात, त्याला एक दिवस सलग मोकळा दिलात तर पेपर लिहून होईल. आणि परीक्षेच्या, प्रवेशाच्या सगळ्या ड्युट्या "नवीन आहे, करेल" म्हणून त्याच्याच गळ्यात मारू नका, हे आपण सगळेच करतो, मीपण केलंय.

ग्रँटचं जरा नीट सांगतो कारण खरा घोळ तिथेच होतो. सायन्सवाल्यांसाठी एएनआरएफची (संशोधनाला पैसे देणारी केंद्र सरकारची संस्था) अर्ली करिअर ग्रँट आहे, ३ वर्षांसाठी ६० लाखांपर्यंत, वयाची अट आहे, म्हणून कॉल निघाल्यावर नोटीस बोर्डावर चिकटवून गप्प बसायचं नाही, ज्यांचं वय बसतं त्यांना फोन करायचा. संस्थेच्या सही-शिक्क्याचं पत्र लागतं, ते शेवटच्या दिवशी मागायला आला तर साहेब नेमके मीटिंगला असणार, म्हणून ड्राफ्ट आधीच तयार ठेवा. एका कॉलेजात (नाव नको) माझ्या डोळ्यांदेखत अशाच एका सहीसाठी पोर्टल बंद झालं आणि मॅडम जिन्यात बसून रडल्या.

पैसे आले की अकाउंट्सवाल्याने पहिल्याच आठवड्यात हेड, म्हणजे कुठला पैसा कशावर खर्चायचा ते, समजावून सांगावेत, रिकरिंगमधून (वारंवार होणाऱ्या खर्चाच्या पैशातून) मशीन घेता येत नाही, जेमवरची (सरकारी खरेदीच्या पोर्टलवरची) खरेदी मार्चमध्ये सुरू करून मार्चमध्ये संपत नाही, आणि यूसी म्हणजे पैसे कशावर खर्च झाले त्याचं सर्टिफिकेट (फॉर्म जीएफआर १२-ए) वेळेत गेलं नाही तर पुढचा हप्ता अडतो. यूसीचे आकडे आपणच काढून द्यावेत, केमिस्ट्रीच्या माणसाला व्हाऊचर जुळवायला लावणं म्हणजे वेळेची नासाडी.

लायब्ररीयन मंडळी, तुमच्याकडे तर खजिना आहे. सरकारी संस्थांना १ जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शनमध्ये (सगळ्यांसाठी केंद्र सरकारने भरलेली वर्गणी) १३ हजारांवर जर्नल्स मिळतात, लॉगिन कसं करायचं ते शेजारी बसून दाखवा. यूजीसी-केअरची, म्हणजे मान्य जर्नल्सची, यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे "पाच हजार भरा, आठवड्यात छापतो" म्हणणाऱ्यांचं फावलंय, नवीन पोरं घाईत फसतात, तेव्हा पैसे भरण्याआधी एकदा आम्हाला दाखवा एवढं तरी सांगून ठेवा.

इतिहास, मराठीवाल्यांना ग्रँटपेक्षा जुने कागद लागतात. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात (जुने सरकारी कागद जपून ठेवतात तिथे) जायचं तर संस्थेचं ओळखपत्र-वजा पत्र जवळ असलेलं बरं, आणि ते द्यायला आपल्याला पाच मिनिटं लागतात, पण मी बघितलंय, आवक-जावकमध्ये ते आठ-आठ दिवस पडून असतं. लेटरहेडवर नमुना कॉम्प्युटरमध्ये सेव्ह ठेवा, नाव बदला, प्रिंट काढा, सही घ्या, झालं.