उत्तर येत होतं, गोल चुकला: वस्तुनिष्ठ परीक्षेतल्या या चुका टाळा

दर रविवारी सकाळी आमच्या अभ्यासिकेत सराव पेपर असतो. १०० प्रश्न, ६० मिनिटं, झेरॉक्स केलेली ओएमआर, म्हणजे गोल रंगवायची उत्तरपत्रिका. दुपारी मी तपासतो आणि संध्याकाळी एकेकाला बोलावून घेतो. पोरं बदलतात, गावं बदलतात, वाक्य तेच राहतं: "सर, येत होतं हो, सिली मिस्टेक झाली."

हा शब्द मी अभ्यासिकेत बंद केलाय. एकदा झाली तर चूक समजू शकतो. दर रविवारी सात-आठ होत असतील तर ती सवय आहे आणि परीक्षेच्या दिवशी ती तुमच्याबरोबर हॉलमध्ये येणारच. पाव मार्कावरून पूर्व परीक्षा हुकलेली पोरं माझ्या समोरच्या बाकावर बसतात. त्यांना विचारा, सिली काय असतं.

गोल शेवटी रंगवणं

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून आधी माझीच गोष्ट सांगतो.

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची संयुक्त पूर्व परीक्षा होती. तेव्हा माझी पद्धत अशी की आधी सगळा पेपर प्रश्नपुस्तिकेतच सोडवायचा, पर्यायांवर टिक करत जायचं आणि शेवटच्या दहा मिनिटांत एका बैठकीत सगळे गोल रंगवायचे. कुठल्या तरी यशस्वी उमेदवाराच्या मुलाखतीत ऐकलं होतं की त्यामुळे लय तुटत नाही. लय खरंच तुटली नाही. ३७ वा प्रश्न मी नंतर बघू म्हणून सोडला होता आणि रंगवताना ते डोक्यातून गेलं. ३८ चं उत्तर ३७ ला, ३९ चं ३८ ला, असं करत मी झपाझप खाली आलो. शंभराव्या प्रश्नाचं उत्तर ९९ च्या ओळीत रंगवलं आणि खाली एक रिकामी ओळ माझ्याकडे बघत राहिली. घड्याळात दीड मिनिट बाकी होतं. शाईचं पेन. खोडरबर चालत नाही, व्हाइटनर चालत नाही, ब्लेडने खरवडायचा विचारही करू नये. पर्यवेक्षकांकडे पाहिलं, त्यांनी खांदे उडवले. त्यांचा तरी काय दोष?

६३ उत्तरं एक घर वर सरकली होती. त्यातली काही नशिबाने जुळली, बाकीच्यांनी नुसते मार्क दिले नाहीत असं नाही, वर वजाही केले. आयोगाच्या उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत आपल्याकडे राहते. माझी ती प्रत अभ्यासिकेच्या भिंतीवर फ्रेम करून लावली आहे. नवीन पोरगं आलं की आधी ती दाखवतो, मग फी सांगतो.

आता हिशेब बघा. एक गोल नीट भरायला पाच-सहा सेकंद लागतात. १०० गोलांना आठ ते दहा मिनिटं. साठ मिनिटांच्या पेपरात एका प्रश्नाला जेमतेम ३६ सेकंद येतात, त्यामुळे शेवटी दहा मिनिटं उरतील हे गृहीत धरणंच चूक आहे. उरतात चार. मग हात थरथरतो आणि ओळ सरकते.

माझी आताची सवय सांगतो. समोरासमोरची दोन पानं सोडवायची, तेवढ्याच प्रश्नांचे गोल रंगवायचे, मग पान उलटायचं. रंगवताना मनात आकडे म्हणायचे: "सदतीस, दोन. अडतीस, चार." डाव्या हाताचं बोट प्रश्नपुस्तिकेवर, पेन ओएमआरवर. प्रश्न सोडला तर पुस्तिकेत त्याच्या क्रमांकाभोवती मोठा चौकोन काढायचा आणि मनात "एक्केचाळीस, रिकामा" असं म्हणायचंच. दर दहाव्या प्रश्नाला ओळ जुळते का ते बघायचं. कुणी म्हणेल एकेक प्रश्न सोडवून लगेच रंगवलेलं बरं. तसंही चालतं, पण त्यात नजर सारखी दोन कागदांत उड्या मारते. मला पानापानाने जमतं.

आणि ही सवय मोबाईलवर टेस्ट देऊन लागत नाही. ॲपमध्ये ओळ सरकतच नाही, ती सरकते कागदावर. उलट इंजिनिअरिंग-फार्मसी प्रवेशाच्या एमएचटी-सीईटीला बसणाऱ्यांनी झेरॉक्सवर वेळ घालवू नये, ती परीक्षा संगणकावर असते. तिथे माऊस धरून, रफ कागदावर आकडेमोड करत सराव हवा.

'नाही' डोळ्याआड जाणं

आपल्या भाषेची एक गंमत आहे. इंग्रजीत नकार वाक्याच्या मध्ये येतो, मराठीत तो अगदी टोकाला बसतो. "राज्यसभेबाबत खालीलपैकी कोणते विधान योग्य नाही?" घाईतला डोळा 'योग्य'पर्यंत पोचतो आणि पर्यायांवर उडी मारतो. पहिला पर्याय: "राज्यसभा कधीही विसर्जित होत नाही." अरे वा, हे तर पाठ आहे! केला गोल. गेला मार्क. खाली चौथ्या पर्यायात "धनविधेयक राज्यसभेत प्रथम मांडता येते" हे चुकीचं विधान शांतपणे बसलेलं असतं. तेच उत्तर होतं.

आमच्याकडे एक मुलगी होती, राज्यघटनेत तिचा हात धरणारा कोणी नव्हता. कलम विचारा, उपकलमासकट सांगायची. तरी पेपरात राज्यघटनेच्या १५ प्रश्नांत सहाच बरोबर. तिने घरी जाऊन पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. दोन महिने वाचलं. पुढच्या पेपरला सात बरोबर. तेव्हा मी तिच्या पुस्तिका मागवून घेतल्या आणि फक्त चुकलेले प्रश्न मोठ्याने वाचायला लावले. तिसऱ्या प्रश्नालाच ती थांबली. चुकलेले जवळपास सगळे प्रश्न 'अयोग्य', 'चुकीचे' किंवा 'नाही' असे होते. दोन महिने पुस्तकात गेले, आणि दुखणं होतं वाचण्याच्या पद्धतीत.

तिला जे करायला लावलं तेच सगळ्यांना लावतो. विधानं वाचायच्या आधी विचारणा वाचायची, म्हणजे प्रश्नाची शेवटची ओळ. मोठ्या विधानांच्या प्रश्नात "वरीलपैकी कोणती विधाने..." ही ओळ बऱ्याचदा विधानांच्या खाली असते, तिथे आधी जायचं. नकार दिसला की त्याला गोल करायचा आणि प्रश्न क्रमांकाशेजारी मोठी फुली मारायची. मग प्रत्येक विधानासमोर 'ब' किंवा 'चू' लिहायचं, डोक्यात ठेवायचं नाही. चारी विधानं संपेपर्यंत गोलाकडे बघायचं नाही. "सर, यात वेळ जातो." जातो, तीन सेकंद जातात. दोन महिन्यांपेक्षा कमी.

मराठी शब्द अनोळखी वाटला तर शेजारचा इंग्रजी मजकूर बघा, आयोगाच्या पेपरात तो असतोच. नीटचा पेपर मराठीतून देणाऱ्यांनी तर बघायलाच हवा, कारण भाषांतरात गोंधळ असेल तर तिथे इंग्रजी मजकूर ग्राह्य धरतात.

तुक्क्याबद्दलचे दोन्ही मूर्खपणे

एक गट म्हणतो, निगेटिव्ह मार्किंग आहे, शंभर टक्के खात्री असेल तेवढंच सोडवा. दुसरा गट बाहेर आल्या आल्या विचारतो, "किती अटेम्प्ट?" आणि ९८ म्हणून छाती फुगवतो. दोघांनीही कधी कागदावर हिशेब केलेला नसतो.

चुकीच्या उत्तराला पाव मार्क वजा होतो असं धरा, आयोगाच्या संयुक्त पूर्व परीक्षेत तसंच आहे. १६ प्रश्न डोळे मिटून मारले तर सरासरीने चार बरोबर येतील, बारा चुकतील. चार मिळाले, तीन गेले, हातात एक. म्हणजे आंधळ्या तुक्क्यात फार काही नाही, पण फार नुकसानही नाही. आता त्याच १६ प्रश्नांत प्रत्येकी दोन पर्याय तुम्ही खात्रीने उडवले असतील, तर आठ बरोबर, आठ चूक. आठातून दोन वजा, हातात सहा. हे सहा मार्क खात्रीवाला गट घरी ठेवून येतो. यूपीएससीच्या पूर्व परीक्षेत एकतृतीयांश वजा होतात, तिथे आंधळा तुक्का सरासरीने शून्यावर येतो, दोन पर्याय उडवून मारलेला मात्र तिथेही फायद्याचाच.

फक्त 'उडवले' म्हणजे कारणासकट उडवले. "हा पर्याय ओळखीचा वाटत नाही" हे कारण नव्हे. पेपर काढणारा अर्धवट वाचलेल्यांसाठीच एक ओळखीचा पर्याय ठेवतो, म्हणून तुमचा तुक्का सरासरीपेक्षाही वाईट पडू शकतो. माझा नियम: विधानांच्या प्रश्नात निदान एका विधानाबद्दल पक्की खात्री असेल तर हात घाला. विधान 'ब' नक्की चूक आहे हे कळलं की 'अ आणि ब', 'ब आणि क' हे पर्याय आपोआप गळतात. एकाही विधानाबद्दल खात्री नसेल तर पुढे चला.

आणि जिथे वजा होतच नाही तिथे रिकामा गोल ठेवणाऱ्याला काय म्हणावं? पोलीस भरतीची लेखी १०० मार्कांची, ९० मिनिटांची, निगेटिव्ह नाही. शिक्षक पात्रतेच्या टीईटीला नाही, सीईटीला नाही. राज्यसेवा पूर्वच्या पेपर दोनमधल्या निर्णयक्षमतेच्या प्रश्नांनाही नाही. दर वर्षी तिथे एखाद-दुसरा गोल कोरा सोडून आलेलं पोरगं भेटतं. म्हणतं, "वेळ संपला." शेवटचं मिनिट त्यासाठीच राखून ठेवायचं असतं.

युट्यूबवरचे जुगाड

"फक्त, सर्व, कधीही, केवळ असे शब्द आले की विधान चूक." हा जुगाड शिकवणाऱ्याला एकदा माझ्यासमोर बसवा. राज्यसभा कधीही विसर्जित होत नाही: बरोबर. धनविधेयक फक्त लोकसभेतच मांडता येतं: बरोबर. घटनेत टोकाचे शब्द ठासून भरलेत, कारण तो कायदा आहे. जुगाडाने सुटणारा एखादा प्रश्न असतोही, पण तोच जुगाड नंतर दोन प्रश्न खातो आणि तुम्हाला कळतही नाही, कारण चुकलेले प्रश्न तुम्ही बघतच नाही.

"अडलं की तीन नंबर." यावर मी बोलणार नाही.

"पहिलं आलेलं उत्तर बदलू नका." हे घराघरात सांगतात, आणि मीही सांगायचो. प्रत्यक्षात उत्तरं बदलणाऱ्यांची जिथे मोजणी झाली, तिथे बहुतेक वेळा बदलून फायदा झालेली उत्तरंच जास्त निघाली. बदलून चुकलेलं मनाला लागतं, म्हणून तेवढं लक्षात राहतं. पण ओएमआरवर शाई लागली की बदलणं संपलं, त्यामुळे डगमगणारं उत्तर त्या पानाच्या शेवटी पुन्हा बघून मगच रंगवा. बदलायला नवीन कारण सापडलं पाहिजे, नुसती धाकधूक पुरत नाही.

थोडक्यात निपटण्याजोगं

प्रश्नपुस्तिकेचा संच क्रमांक पुस्तिका हातात पडल्यावर लगेच रंगवा, नंतर नाही.

वरच्या इयत्तेच्या शिष्यवृत्ती परीक्षेत काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असतात आणि दोन्ही रंगवावे लागतात. पालकांनो, हे पोराला परीक्षेच्या आदल्या रात्री सांगू नका, महिनाभर आधी सांगा.

सीईटीत गणिताच्या प्रश्नाला दोन मार्क, भौतिक-रसायनच्या प्रश्नाला एक. तयारीचा वेळही तसा वाटा.

जुने पेपर सोडवताना अंतिम उत्तरतालिका घ्या. पहिल्या तालिकेवर हरकती येतात, उत्तरं बदलतात, प्रश्न रद्द होतात. टेलिग्रामवर फिरणाऱ्या पीडीएफमध्ये बऱ्याचदा पहिलीच असते आणि पोरं चुकीचं उत्तर मन लावून पाठ करतात.

पेपर द्यायचा आणि विसरायचा

राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली म्हणून काही जणांनी वस्तुनिष्ठचा सराव सैल सोडला. पूर्व परीक्षा जिथे होती तिथेच आहे, आणि ती ओलांडल्याशिवाय लिहायला कुणी बोलावत नाही. पण सैल सोडणाऱ्यांपेक्षा मला जास्त राग येतो तो आठवड्याला पाच टेस्ट देणाऱ्यांचा. स्कोर बघतात, स्टेटसला लावतात, पुढची टेस्ट.

माझ्याकडे नियम आहे की एक तासाच्या पेपरला दोन तास तपासणी. शंभर पानी वही, तीन रकाने. चुकलेला प्रत्येक प्रश्न यातल्या एकात जातो: माहीत नव्हतं, वाचताना घसरलो, दोन पर्यायांत अडकून चुकीकडे गेलो. तुक्क्याने बरोबर आलेलेही पहिल्या रकान्यात लिहायचे, इथे सगळ्यांच्या जिवावर येतं. चार रविवारांनंतर कुठला रकाना लांब झालाय ते बघायचं. पहिला लांब असेल तर पुस्तक उघडा. दुसरा असेल तर पुस्तकाने काही होणार नाही, फुली मारायला लागा. तिसरा असेल तर तो विषय तुम्ही ओळखीपुरता वाचलाय, त्याच्या स्वतःच्या हाताने नोट्स काढा.

ती राज्यघटनावाली मुलगी आठवते ना? तिचा दुसरा रकाना दीड पान भरला होता. सहाव्या रविवारी त्यात दोन ओळी होत्या.

येत्या रविवारी पेपर आठ वाजता. काळं बॉलपेन आणा, जेल पेन नको, शाई पसरते. दोन आणा. माझ्याकडे मागू नका, मागच्या वेळी दिलेली चार अजून परत आलेली नाहीत.