डाळिंबाच्या बागेत ओलाव्याचा सेन्सर: निवड, बसवणी आणि आलेख वाचणं

ठिबकावरच्या डाळिंबाला पाणी कधी द्यायचं, हे अजूनही बऱ्याच बागांत वरची माती चिमटीत धरून ठरतं. पाणी ओढणारी बरीचशी मुळं मात्र त्याच्या खालच्या थरात असतात. तिथे कोरड पडली आणि मग एकदम भरपूर पाणी मिळालं की फळं तडकतात. हा चढउतार सेन्सर वेळेत दाखवतो. पण त्याचा आकडा तुमच्याच मातीशी जुळवून घेतल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही.

उघड्या धातूच्या दोन पायांचा स्वस्त सेन्सर घेऊ नका. त्यात वीज थेट मातीतून जाते, पाय झिजतात आणि आकडा सरकत राहतो. कपॅसिटिव्ह (धातू मातीला न लागता ओल ओळखणारा) सेन्सर घ्या आणि तो ३.३ व्होल्टवर चालतो याची घरीच खात्री करा, कारण काही नकलांवर त्या व्होल्टेजला न चालणारी टायमर चिप असते. एकाच दांड्यात नत्र, स्फुरद, पालाश दाखवणाऱ्या स्वस्त सेन्सरवर तर एक रुपयाही घालू नका. तो फक्त मातीची विद्युतवाहकता मोजतो आणि तिच्यावरून बाकीचे आकडे काढून दाखवतो. त्यावर खताचा डोस ठरवणं म्हणजे बागेचं नुकसान.

एका ठिकाणासाठी दोन सेन्सर, एक ईएसपी३२ बोर्ड (आकडे वाचणारा छोटा संगणक), लोरा मॉड्यूल (कमी विजेत लांबवर आकडे पाठवणारा रेडिओ), १८६५० सेल (पुन्हा चार्ज होणारा लिथियम सेल), चार्जिंग सर्किट, ६ व्होल्टचं छोटं सोलर पॅनेल आणि पाणी न शिरणारा डबा लागतो. सेन्सरची तार ३२ ते ३९ यांपैकीच्या पिनवर घ्या. वायफाय चालू असताना अॅनालॉगच्या (व्होल्टेज मोजणाऱ्या) दुसऱ्या गटातल्या पिना चालत नाहीत. सेन्सरला वीज फक्त मोजण्यापुरती द्या, अर्धा सेकंद थांबा, १५ वाचनं घेऊन ती चढत्या क्रमाने लावा, त्यांतलं मधलं धरा आणि बोर्ड तासभर झोपवा. साध्या डेव्हलपमेंट बोर्डवरचा दिवा आणि यूएसबी चिप झोपेतही वीज खातात, म्हणून पावसाळी ढगात सेल लवकर बसतो. कमी वीज खाणारा बोर्ड निवडलात तर ही अडचण येत नाही.

सेन्सर पुरण्याआधी वरच्या टोकाचे सुटे भाग इपॉक्सीने पूर्ण झाका आणि पात्याच्या कापलेल्या कडांवर नेलपॉलिशचे दोन हात द्या. कडेतून पाणी शिरलं की बागेत कोरड असली तरी सेन्सर ओलच दाखवत राहतो. अॅनालॉग तार दोन-तीन मीटरपेक्षा लांब नेऊ नका; अंतर जास्त असेल तर आरएस४८५ चा (तारेतून डिजिटल आकडा पाठवणारा) सेन्सर घ्या.

आता मातीशी जुळवणी. हवेत आणि ग्लासभर पाण्यात धरून काढलेले दोन आकडे पुरत नाहीत. काळी जमीन आणि मुरूम यांत सारख्याच ओलीला वेगळे आकडे येतात. ज्या खोलीवर सेन्सर बसवणार तिथली माती काढा, खडे चाळा आणि मंद आचेवर, वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा. अशी २ किलो माती डब्यात दाबून भरली की साधारण दीड लिटर जागा व्यापते. नेमकी जागा मोजा आणि डब्यावर खूण करा. सेन्सर खोचून पहिला आकडा लिहा. मग माती परातीत काढून १०० मिली पाणी मिसळा, प्लॅस्टिकने झाकून काही तास मुरू द्या (चिकण मातीला रात्रभर), पुन्हा त्याच खुणेपर्यंत दाबून भरा, आकडा लिहा. पाणी वर दिसेपर्यंत असं करत जा. माती दीड लिटर असेल तर दर १०० मिली म्हणजे घनफळाने साधारण ६.७ टक्के ओल. ओल वाढली की या सेन्सरचा आकडा घटतो, म्हणून तक्ता उलटा दिसेल. तो तसाच बरोबर.

बसवणीतच सगळ्यात जास्त चुका होतात. पाती आपल्याभोवतीची काही मिलिमीटर मातीच ओळखते. तिथे हवेची पोकळी राहिली तर चांगला सेन्सरही कोरड दाखवतो. बांधाकडची ओळ सोडा, मध्यम वाढीचं झाड निवडा. ड्रिपरपासून १५ ते २० सेंटिमीटरवर खड्डा घ्या आणि त्याच्या न हललेल्या भिंतीत एक सेन्सर ३० वर, दुसरा ६० सेंटिमीटरवर आडवा खोचा. आधी हॅक्सॉच्या पात्याने चीर पाडा. पातीची सपाट बाजू उभी ठेवा, म्हणजे तिच्यावर पाणी साचत नाही. मुरमाड रानात त्याच खोलीची चाळलेली माती घेऊन पातळ चिखल करा आणि भोवती लिंपा. बाहेरची काळी माती भरलीत तर ती पाणी धरून बसते आणि सेन्सर फसतो. खड्डा थरांच्या मूळ क्रमानेच भरा व दाबा, नाहीतर भुसभुशीत जागेतून पाणी थेट खाली धावतं. तार सेन्सरच्या खाली वळवून मग वर आणा. उंदीर आणि खुरप्यापासून वाचवण्यासाठी ती पाइपमधून न्या. दोन-तीन पाणी होईपर्यंत आकड्यांवरून निर्णय घेऊ नका.

भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झची पट्टी परवान्याशिवाय वापरता येते, त्यामुळे लोरा मॉड्यूल याच पट्टीचं घ्या. अँटेना जोडल्याशिवाय त्याला वीज देऊ नका, जळू शकतं. अँटेना झाडांच्या शेंड्यावर निघेल इतकी उंच लावा. पावसाळ्यात ओली पानं सिग्नल खातात. घराकडे आकडे घेणाऱ्या लोरा बोर्डाजवळ वायफाय नसेल तर ४जी मॉडेम लावा. स्वस्त सिम८०० मॉडेम फक्त २जीवर चालतं, त्यात जिओचं सिम उपयोगी नाही.

आलेख तक्त्यावरून काढलेल्या ओलीच्या टक्क्यांचा काढा, पण त्यात टक्क्यांपेक्षा आकार बघा. भरपूर पाण्यानंतर रेषा आधी झपाट्याने उतरते, रात्रीसुद्धा. तो निचरा. मग दिवसा उतार आणि रात्री सपाटी अशा पायऱ्या सुरू होतात, म्हणजे मुळं पाणी ओढू लागली. पहिली पायरी दिसते तो वाफसा. मुरमात साधारण एका दिवसात, काळ्या जमिनीत दोन-तीन दिवसांत. तिथे वरची रेघ ओढा. ऊन तेवढंच असूनही पायऱ्या उथळ होऊ लागल्या की झाडाला ताण बसतोय. खालची रेघ त्याच्या थोडी वर. फळं पोसत असताना या दोन रेघांमध्येच, थोडं थोडं आणि लवकर पाणी द्या. बहार धरण्याआधी ताण देताना मात्र रेषा मुद्दाम खाली जाऊ द्यायची. ६० सेंटिमीटरचा सेन्सर दर पाण्याला चढत असेल तर पाणी आणि त्यासोबत नत्रही मुळांखाली चाललंय. ठिबकाचा वेळ कमी करा. उन्हाच्या तापमानानेही आकडा हलतो, म्हणून दिवसांची तुलना पहाटेच्या एकाच तासाची करा.

काळ्या जमिनीत रेषा अचानक कोसळली तर बहुधा सेन्सरजवळ भेग पडलेली असते. ३० चा सेन्सर पाण्यानंतरही हलला नाही तर आधी तिथला ड्रिपर चोक आहे का बघा. एका ड्रिपरवर सगळी बाग चालवू नका. दुसऱ्या प्लॉटमध्ये आणखी एक जोडी लावा.

पहिला बहार फक्त आलेख बघा, व्हॉल्व्ह हाताने उघडा. नंतर मोटर जोडलीत तर कमाल वेळेचा टायमर आणि ड्राय रन (पाण्याविना मोटर चालण्यापासून) संरक्षण स्टार्टरमध्येच ठेवा, बोर्डाच्या प्रोग्रॅमवर सोडू नका. थ्री फेज रात्री आली आणि मोटर चालू झाली, तरी पाणी लॅटरलपर्यंत (ठिबकाच्या नळ्यांपर्यंत) पोचलं का हे मातीतला सेन्सर उशिरा सांगतो. त्यासाठी सबमेनवर (लॅटरलना पाणी देणाऱ्या पाइपवर) एक प्रेशर स्विच लावा.