डेटिंग अ‍ॅपवर व्हर्च्युअल नंबर चालेना: माझा अनुभव

राहतो भुसावळला. रोजचा नंबर अ‍ॅपला दिला तर सोयरिकी जुळवणाऱ्या मावशीला आधी कळणार, म्हणून व्हर्च्युअल नंबर (सिमशिवाय, इंटरनेटवर मिळणारे) घेतले. फुकटचे दोन अ‍ॅपने लगेच नाकारले; इंटरनेटवरचे नंबर अ‍ॅपला बरेचदा ओळखू येतात. तिसरा, पैशाचा, चालला. पण महिन्याने पुन्हा लॉगिन करताना तो नंबर माझ्याकडे उरलाच नव्हता. डोकंच फिरलं.

मग आधारवर, स्वतःच्याच नावाने, दुसरं प्रीपेड सिम घेतलं. दुसऱ्या स्लॉटमध्ये टाकून आधी घरच्या फोनवरून एक एसएमएस पाठवून पाहिला. तो आल्यावरच अ‍ॅपमध्ये ईमेलने लॉगिन, सेटिंगमध्ये नंबर बदल, ओटीपी, आणि लगेच कॉन्टॅक्ट सिंक, म्हणजे अ‍ॅपने फोनमधले नंबर वाचणं, बंद (हे विसरलात तर मावशी आहेच). सिम अधूनमधून वापरा. 90 दिवस पडून राहिलं तर नंबर बंद होऊ शकतो.