देवणी गाय लिलावात घेताना या चुका टाळा

लातूर जिल्ह्यातल्या उदगीर-देवणीच्या पट्ट्याबाहेर देवणी गाय जवळून पाहिलेली माणसं थोडी. हाळी हंडरगुळीच्या बाजारात किंवा एखाद्या शासकीय प्रक्षेत्राच्या जाहीर लिलावात लांबून येणारा खरेदीदार मनात एकच चित्र घेऊन येतो: पांढरं अंग आणि त्यावर काळे ठिपके. पहिली चूक इथंच होते.

ठिपके म्हणजे देवणी नव्हे

देवणीचे रंगावरून तीन प्रकार आहेत. अंगभर वेडेवाकडे काळे ठिपके असलेली शेवरा. अंग पांढरं, पण तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या, ती वानेरा. आणि बालंक्या जवळजवळ पांढरीशुभ्र, काळे ठिपके असलेच तर अंगाच्या खालच्या भागावर. ठिपके शोधणारा माणूस चांगली बालंक्या सोडून देतो, आणि होल्स्टीन या काळ्या-पांढऱ्या परदेशी जातीचं रक्त असलेली ठिपक्यांची गाय देवणीच्या भावात घरी नेतो. परभणीच्या कृषी विद्यापीठात होल्स्टीन आणि देवणीचा संकर करून ‘होलदेव’ तयार झाली होती. लिलावाच्या यादीत हा शब्द दिसला तर ती शुद्ध देवणी नाही. संकर वाईट असतो असं माझं म्हणणं नाही, पण जी वस्तू घेतोय ती माहीत असावी.

रंग बाजूला ठेवा आणि बांधा बघा. गीर, डांगी आणि स्थानिक गुरं यांच्या मिसळीतून ही जात घडली असं मानतात. पुढं आलेलं फुगीर कपाळ आणि लांब लोंबते कान पाहिले की गीरची आठवण येतेच. वशिंड ठळक हवं, मानेखालची पोळी भरलेली हवी, मुस्कट आणि खूर काळे हवेत. वशिंड बसकं, पोळी आखूड आणि मुस्कटावर गुलाबी छटा असेल तर वंशावळ विचारा.

कास पाहून भुलू नका

या चुकीचे पैसे मी स्वतः मोजले आहेत. पहिली गाय घेतली तेव्हा कास अशी तटतटलेली होती की मी दुसरं काही पाहिलंच नाही. घरी आल्यावर पहिल्या संध्याकाळी साडेचार लिटर दूध निघालं, तिसऱ्या दिवशी अडीच. विक्रेत्यानं धारा चुकवून दूध तुंबवलं होतं. तेव्हापासून गाय घ्यायची तर लागोपाठ किमान तीन धारा समोर काढून बघतो. धार काढल्यावर चांगली कास मऊ पडते, तिला सुरकुत्या येतात. दूध काढूनही ती टणकच राहिली तर आत मांस जास्त किंवा जुनी दगडी, म्हणजे कासेचा दाह. प्रत्येक सडाची पहिली चिळकांडी काळ्या फडक्यावर घ्या, गाठी लगेच दिसतात.

लिलावात तीन धारा पाहायला मिळत नाहीत. तिथं दुधाची नोंदवही मागा आणि चारही सड हातानं चाचपा. मागच्या वेतातलं एकूण दूध बघा, एका दिवसाचा सर्वोच्च आकडा नको. देवणीचं एका वेताचं दूध सरासरी हजार लिटरच्या आतच राहतं. रोज पंधरा लिटर सांगणाऱ्याकडं नोंद मागितली की बोलणं थांबतं.

आणि वासरू! देवणी वासराशिवाय सहसा पान्हा सोडत नाही. काही लिलावांत गाय आणि वासरू वेगवेगळे पुकारले जातात. गायीची बोली जिंकून वासरू दुसऱ्याच्या गाडीत गेलं तर घरी रिकामी चरवी घेऊन बसावं लागतं. बाजारात उलटा प्रकारही होतो, दुसरीचंच वासरू दावणीला बांधलेलं असतं. सोडून बघा. परकं असेल तर गाय बहुधा हुंगते आणि लाथ मारते.

वय शिंगावर मोजू नका

शिंगाची वलयं कानशीनं तासून, वर तेल लावून गाय तरुण करणं जुनं आहे. दात बघा. दोन दात साधारण अडीच वर्षांच्या आत-बाहेर येतात, आठ दात पाचव्या वर्षाच्या आसपास जुळतात. पुढचं वय दातांच्या झिजेवरून आणि दातांमधल्या फटींवरून कळतं, पण त्याला सरावाची नजर लागते. जाणत्याला सोबत न्या.

गाभण असल्याच्या शब्दावर बोली नको

पोट मोठं दिसण्याची कारणं बरीच असतात. पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्या आणि रक्ताची ब्रुसेल्लोसिस (सांसर्गिक गर्भपात) चाचणी झाली आहे का, तेही विचारा. हा रोग गर्भ पाडतो आणि कच्च्या दुधातून माणसालाही होतो. चाचणी नाही म्हणणाऱ्या ठिकाणाहून गाभण गाय मी घेत नाही.

बैल असेल तर तो चालताना बघा. मऊ मातीत किंवा कडब्यावर उभ्या जनावराचा लंगडेपणा लपतो. अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांवरून काढलेल्या शुभ-अशुभ खोडींवर माझा विश्वास नाही, पण विकताना गिऱ्हाईक त्याच मोजतं, हे ध्यानात असू द्या.

पुकारा सुरू होण्याआधी

बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा होतो. ती भाषा येत नसेल तर भाव तोंडानं बोलायला सांगा. उघड लिलावात धोका वेगळा असतो. ‘एक वार, दोन वार’ ऐकलं की शेजारच्याच्या बोलीवर आपली चढते. आकडा घरून लिहून न्या. अटींमध्ये ‘आहे त्या स्थितीत’ असतं, म्हणजे नंतर दोष निघाला तरी तक्रार ऐकली जात नाही. अनामत आणि भरण्याची मुदत बघा. कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक पावतीवर हवा. राज्यात २०२४ पासून बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री आणि वाहतुकीला मनाई आहे.

गाय घरी आणून थेट गोठ्यात बांधू नका. २०२२ मध्ये लम्पीनं राज्यभरचे गुरांचे बाजार बंद पाडले होते, ते विसरायला नको. किमान तीन आठवडे, जमलं तर २८ दिवस तिला वेगळी ठेवा, तिचं पाणी आणि बादलीही वेगळी असू द्या. तिकडं ती काय खात होती ते विचारून घ्या आणि चार दिवसांचा तोच कडबा गाडीतच भरून आणा.