दर पावसात त्याच भिंतीला बुरशी येते? आधी पाणी कुठून येतंय ते बघा

आमच्या ऐरोलीच्या घरात सलग तीन वर्षं एकाच भिंतीला बुरशी यायची, बेडरूमची पश्चिमेकडची भिंत, नेमकी कपाटाच्या मागे. जुलै आला की आधी कुबट वास, मग काळे ठिपके, मग आतल्या साड्यांवर पांढरी भुरी. आम्ही पुसायचो, दिवाळीला रंग मारायचो आणि पुढच्या पावसात परत तेच. सासूबाईंना दमा आहे, रात्री त्यांचा खोकला ऐकवत नव्हता, म्हणून गेल्या वर्षी ठरवलं की रंगाचा डबा आणायचाच नाही, आधी ओल कुठून येते ते शोधायचं.

त्यासाठी चपात्या गुंडाळायची फॉइल पुरते. ठिपक्यांशेजारी भिंत वरून कोरडी पुसा, फॉइलचा वीतभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस हात लावू नका. खोलीकडच्या बाजूला ओलसर झालं तर घरातली हवा दमट आहे, भिंतीकडच्या बाजूला पाणी दिसलं तर ओल आतून येतेय. आमच्याकडे भिंतीकडूनच होतं. आपल्याकडे पावसाचा मारा नैऋत्येकडून येतो त्यामुळे पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंती जास्त भिजतात, आमच्या बाहेरच्या प्लास्टरला उभी चीर होती आणि एसीच्या पाइपचं भोक नीट बुजवलेलंच नव्हतं. तुमचा डाग मार्च-एप्रिलमध्ये पण ओला राहत असेल तर मात्र पावसाला दोष देऊ नका, शेजारचं किंवा वरच्यांचं बाथरूम आणि पाइप तपासून घ्या. बाहेरच्या भिंतीतून किंवा गच्चीतून पावसाचं पाणी येत असेल तर सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (म्हणजे सहकार खात्याच्या नमुना नियमावलीप्रमाणे) ती दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने होते, म्हणून कमिटीला लेखी अर्ज द्या, फोटो जोडा आणि पोच घ्या. तोंडी सांगून आमचं एक अख्खं वर्ष गेलं.

आता साफसफाई. एन ९५ मास्क आणि हातमोजे घाला, खिडकी उघडा, पंखा बंद ठेवा, आणि कोरड्या ब्रशने अजिबात खरवडू नका कारण बुरशीचे कण घरभर उडतात. आधी साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्याने पुसा, मग पांढरं व्हिनेगर लावून तासभर ठेवा, परत पुसा आणि मग पंखा लावून भिंत सुकवा (मार्बल आणि कडप्प्यावर व्हिनेगर नको, चट्टे पडतात). ब्लीच वापरणार असाल तर त्यात व्हिनेगर, अॅसिड किंवा टॉयलेट क्लीनर कधीच मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. हे मी अगदी कळकळीने सांगतेय, बंद बाथरूममध्ये हा प्रकार जिवावर बेतू शकतो. दमा असलेल्या माणसाला तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत बसवा. फुगलेलं प्लायवूड वाचत नाही, ते टाकूनच द्या.

घरातल्या दमटपणासाठी छोटा आर्द्रतामापक आणा, ऑनलाइन स्वस्तात मिळतो, ६० टक्क्यांच्या खाली आकडा ठेवायचा. खाडीजवळ भर पावसात ते अवघडच आहे पण ओले कपडे बेडरूममध्ये वाळत घालणं बंद केलं, अंघोळीनंतर अर्धा तास एक्झॉस्ट चालू ठेवला आणि दुपारी एसी ड्राय मोडवर लावला की फरक दिसतो. कपाट भिंतीपासून चार बोटं तरी पुढे ओढा, मागे हवा खेळली पाहिजे.

रंग भिंत पूर्ण सुकल्याशिवाय नाही, म्हणजे पावसाळ्यात नाहीच. आमची चीर आणि भोक मे महिन्यात बुजवलं, आता ऑगस्ट चालू आहे आणि कपाटामागे भिंत कोरडी आहे. खिडकीखाली चार ठिपके आलेत, तिथे फॉइल लावली तर पाणी खोलीकडच्या बाजूला आलं, म्हणून तिथलं कपडे वाळवायचं स्टँड काल बाल्कनीत नेलं.