हॅलोविनचा पोशाख घेताना: कापड, शिवण आणि किंमत यांची पारख

हॅलोविन म्हणजे 31 ऑक्टोबरचा सण; त्या संध्याकाळी मुले निरनिराळी रूपे घेऊन दारोदार फिरतात. त्यासाठी अमेरिकेत जे तयार पोशाख विकले जातात, त्यांतील बहुतेक एका चपट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेले असतात आणि पिशवीच्या दर्शनी बाजूला तो पोशाख घातलेल्या मुलाचे किंवा मोठ्या माणसाचे देखणे छायाचित्र असते. ग्राहक ते छायाचित्र पाहून निर्णय घेतो, कापड मात्र घरी गेल्यावरच हाताला लागते. रोजचे कपडे घेताना किंमत वाढली की दर्जाही थोडाफार वाढतो, असा आपला अनुभव असतो आणि तो बऱ्याच अंशी खराही असतो. या पोशाखांच्या बाबतीत मात्र किंमत आणि दर्जा यांचे नाते फार सैल आहे. म्हणून येथे दोन्हींची पारख स्वतंत्रपणे करावी लागते.

आधी किंमत कशाची असते ते पाहू. एखाद्या गाजलेल्या चित्रपटातील किंवा चित्रमालिकेतील पात्राचा अधिकृत पोशाख बनवायचा असेल, तर उत्पादकाला त्या पात्राच्या हक्कधारकाकडून परवाना घ्यावा लागतो आणि त्याचे मानधन प्रत्येक नगामागे ग्राहकाच्या खिशातून वसूल होते. त्यामुळे साधा चेटकिणीचा झगा आणि नावाजलेल्या पात्राचा झगा एकाच जातीच्या पॉलिएस्टरचे, एकाच पद्धतीने शिवलेले असले, तरी दुसऱ्याची किंमत बरीच जास्त असू शकते. मुलाला तेच पात्र हवे असेल, तर त्या नावासाठी पैसे मोजण्यात काहीही गैर नाही. त्याचा आनंद खरा असतो. फक्त तो जादा पैसा नावाचा आहे, शिवणीचा नाही, हे मनात स्पष्ट असावे. मी स्वतः एक सोपी रीत वापरतो: छातीवरचे बोधचिन्ह हाताने झाकायचे आणि उरलेल्या कपड्याला आपण किती दिले असते, असा विचार करायचा. जो फरक उरतो, तो पटला तर घ्यावे.

दर्जा ओळखण्याची एक चांगली कसोटी अगदी अनपेक्षित ठिकाणी, म्हणजे अमेरिकेच्या सीमाशुल्क कायद्यात सापडते. आयात केलेला पोशाख हा अंगावर घालायचा खरा कपडा मानायचा की सणापुरती वापरायची वस्तू, यावर त्याच्यावरील कर ठरत असे. कपड्यावर आयात शुल्क होते, सणाची वस्तू शुल्कमुक्त होती. रुबीज या अमेरिकी पोशाख-उत्पादक कंपनीने आयात पोशाखांना कपडा मानावे, अशी मागणी केली आणि प्रकरण न्यायालयात गेले. 2003 मध्ये ‘फेडरल सर्किट’ या अमेरिकेच्या केंद्रीय अपील न्यायालयाने सीमाशुल्क विभागाचे म्हणणे मान्य केले: तकलादू, टिकाऊपणा नसलेला आणि एकदाच वापरण्यासारखा पोशाख ही सणाची वस्तू, तर नीट शिवलेला पोशाख हा कपडा. हा भेद करण्यासाठी विभाग ज्या खुणा पाहत असे, त्या ग्राहकालाही जशाच्या तशा उपयोगी पडतात. कपड्याला अंगाच्या ठेवणीप्रमाणे आकार दिला आहे का, काठ दुमडून शिवले आहेत की तसेच कापून सोडले आहेत, मागे चेन आहे की वेल्क्रोचा एखादा तुकडा, शिवणी घट्ट आहेत की सैल, अस्तर किंवा वेगळे जोडलेले भाग आहेत का, हेच ते प्रश्न होत.

म्हणून पोशाख हातात आला की तो प्रथम उलटा करावा. उलट्या बाजूला शिवणकामाची खरी स्थिती दिसते. शिवणीच्या पलीकडे जी माया सोडलेली असते, ती बोटाच्या रुंदीएवढी तरी असावी. कापडाच्या अगदी कडेवरून शिवण गेली असेल, तर मूल एकदा खाली बसताच ती उसवण्याचा संभव असतो. इंटरलॉक केलेल्या कडांमधून धागे सुटत नाहीत, नुसत्या कापलेल्या कडांमधून हमखास सुटतात. शिवणीच्या दोन्ही बाजूंचे कापड दोन्ही हातांनी धरून हलकेच ताणावे. टाक्यांमधून उजेड दिसू लागला, तर टाके फार लांब आहेत किंवा दोरा सैल आहे असे समजावे. काख, गळा आणि दोन पायांमधली जागा या तीन ठिकाणी सर्वांत जास्त ताण येतो, त्यामुळे वेळ कमी असेल तर एवढे तीनच भाग तपासले तरी चालेल. अंगभर एकसंध असणाऱ्या पोशाखात दोन पायांमध्ये कळी, म्हणजे ताण कमी करणारा जादा कापडाचा तुकडा, घातलेली असेल, तर तो पोशाख कोणीतरी विचारपूर्वक बेतला आहे, असे खुशाल मानावे.

वेल्क्रो ही या व्यवसायाची आवडती बचत आहे. ते स्वस्त असते, पटकन शिवता येते आणि एकच माप अनेकांना बसवता येते. परंतु त्याची खरखरीत बाजू विणलेल्या कापडात अडकून धागे ओढते आणि मुलाने जरा वाकताच पाठीवरचे बंद सुटतात. लहान मुलांच्या गळ्याजवळ मात्र मला वेल्क्रोच योग्य वाटते, कारण झूल (खांद्यावरून मागे सोडलेला केप) किंवा टोपी कशात अडकली तर ते ओढीसरशी सुटते आणि गळ्याला फास बसत नाही. त्याच कारणासाठी गळ्याशी नाडी असलेला मुलांचा पोशाख, तो कितीही सुंदर असला, तरी घेऊ नये.

कापडाविषयी एक गैरसमज दूर करायला हवा. पॉलिएस्टर म्हणजे हलक्या प्रतीचे आणि सुती म्हणजे उत्तम, हा रोजच्या कपड्यांचा नियम येथे लागू होत नाही. विरविरीत सुती किंवा लव असलेले कापड ज्योतीला लागताच भरकन पेटते. पॉलिएस्टर आणि नायलॉन तुलनेने सहज पेट घेत नाहीत, मात्र उष्णतेने वितळतात आणि वितळलेले कापड त्वचेला चिकटून भाजते. हॅलोविनला दारोदारी कोरलेल्या भोपळ्यांत मेणबत्त्या लावलेल्या असतात, त्यामुळे ही बाब केवळ पुस्तकी नाही. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाचा सल्ला असा आहे की पोशाख, मुखवटा, दाढी आणि विग या सर्वांवर ते ज्वालारोधक असल्याची चिठ्ठी पाहूनच खरेदी करावी. या चिठ्ठीचा अर्थ ती वस्तू जळतच नाही असा नसून, ती सहजी पेट घेत नाही आणि ज्योत दूर केल्यावर लवकर विझते, एवढाच आहे. मुलांच्या झोपण्याच्या कपड्यांना जे अधिक कडक ज्वलननियम आहेत, ते या पोशाखांना लागू नसतात. म्हणून फार घेरदार बाह्या आणि जमिनीवर लोळणारी झूल चित्रात कितीही भारदस्त दिसली, तरी त्या टाळाव्यात. ब्रिटन आणि युरोपात मुलांचे असे पोशाख कायद्याने खेळणी समजले जातात, त्यामुळे तेथे त्यांच्यावर खेळण्यांसाठीची सुरक्षाखूण असायला हवी.

कापडाची जाडी पाहायला एक तळहात आत घालून कपडा उजेडापुढे धरावा. बोटे स्पष्ट दिसली तर आत वेगळा कपडा घालावा लागणार हे गृहीत धरावे. छपाईची परीक्षा सोपी आहे. पांढरा रुमाल किंचित ओला करून रंगीत भागाच्या आतल्या बाजूच्या कोपऱ्यावर घासावा, रंग उतरला तर तो घामानेही उतरेल. चकचकीत सोनेरी-रुपेरी थर चढवलेले कापड घडीच्या रेषेवर तडकलेले असेल, तर ते एका संध्याकाळीच सोलवटते. ज्या पोशाखांत स्नायूंचे फुगीर आकार असतात, त्यांत भरलेला कापूस सगळीकडे सारखा आहे का, हे दाबून पाहावे. तो वेगळ्या शिवणीने जागच्या जागी बसवलेला नसेल, तर छातीचा भाग काही वेळाने पोटावर उतरतो.

मुखवट्याबाबत दिसण्यापेक्षा दृष्टी महत्त्वाची आहे. तो लावून मान डावी-उजवीकडे वळवावी आणि खाली आपल्याच पायांकडे पाहावे. पायरी दिसत नसेल, तर तो मुखवटा अंधारात रस्त्यावर फिरणाऱ्या मुलाच्या कामाचा नाही. पातळ प्लॅस्टिकच्या मुखवट्यात इलॅस्टिक फक्त पिनेने टोचलेले असते आणि पहिल्यांदा तेच निखळते. लॅटेक्सचे मुखवटे चेहऱ्याला छान बसतात व त्यांचा तपशीलही सुबक असतो, पण काहींना लॅटेक्सची ॲलर्जी असते, आणि उन्हात किंवा उष्णतेत ठेवल्यास ते काही वर्षांत चिरतात. विग हातात घेऊन केसांमध्ये भांग पाडावा. केसांच्या पट्ट्या दूरदूर शिवलेल्या असतील, तर खालची जाळी लगेच दिसते. तलवारी आणि काठ्या वाकणाऱ्या, बोथट टोकाच्या असाव्यात. डोळ्यांचा रंग बदलणारी कॉन्टॅक्ट लेन्स पोशाखाच्या दुकानातून कधीही घेऊ नये. अमेरिकेत ती वैद्यकीय साधन मानली जाते, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय तिची विक्री बेकायदेशीर आहे, आणि चुकीच्या मापाची लेन्स बुबुळाला कायमची इजा करू शकते.

ऑनलाइन खरेदीत हात लावता येत नाही, म्हणून वाचनावर भर द्यावा लागतो. पोशाखासोबत नेमके काय मिळणार, याची यादी वर्णनात असते आणि ती छायाचित्राशी ताडून पाहावी: बूट, पट्टा, हातमोजे, विग आणि झग्याला फुलवणारा आतला परकर चित्रात असतात, यादीत बहुधा नसतात. बूट म्हणून जे दिसते, ते पुष्कळदा चपलेवर ओढायचे कापडी आवरणच असते. विक्रेत्याच्या चित्रातील पोशाख पाठीमागे चिमटे लावून अंगाबरोबर बसवलेला असू शकतो, तेव्हा ग्राहकांनी स्वतः काढलेली छायाचित्रे अधिक विश्वासाची. मुलांच्या वस्तूंवर उत्पादक, उत्पादनाचे ठिकाण व तारीख यांचा माग लागेल अशी कायमची खूण असणे अमेरिकेत 2008 च्या कायद्याने आवश्यक केले आहे आणि त्याच कायद्याखाली त्यांतील शिशाच्या प्रमाणावरही मर्यादा आहे. ज्या मुलांच्या पोशाखावर कोणतीच चिठ्ठी नाही, तो अगदी निम्म्या किमतीत मिळाला तरी मी घेणार नाही.

मापासाठी रोजच्या कपड्यांच्या क्रमांकावर विसंबू नये. पोशाखांचे तक्ते वेगळे असतात आणि एकाच मापात दोन-तीन वयोगट कोंबलेले असतात. छाती, कंबर आणि उंची यांखेरीज अंगभर एकसंध पोशाखासाठी आणखी एक माप घ्यावे: खांद्यावरून पुढे खाली, दोन पायांमधून मागे आणि पुन्हा त्याच खांद्यापर्यंत. हे माप चुकले तर बाकी सर्व मापे बरोबर असूनही पोशाख चालताना काचतो. उत्तरेकडील राज्यांत ऑक्टोबरअखेरच्या संध्याकाळी थंडी असते, त्यामुळे आत उबदार कपडा मावेल इतकी जागा ठेवावी. लांबी घोट्याच्या वरच थांबावी.

आता पुन्हा किमतीकडे. लेबलवरची रक्कम हे अर्धेच उत्तर आहे. ती किती वेळा घालण्यात विभागली जाणार, हे त्याचे दुसरे अर्धे. समजा, एक पोशाख 25 डॉलरचा आहे आणि एका रात्रीत संपतो, तर दुसरा 45 डॉलरचा आहे, तो यंदा थोरल्याला, पुढे धाकट्याला आणि मधल्या काळात घरच्या खेळात वापरला जातो. अशा वेळी दुसराच स्वस्त ठरतो. उलट, वेगाने वाढणाऱ्या आणि दर वर्षी नवे पात्र मागणाऱ्या मुलासाठी टिकाऊपणाला फारसे मोल देण्याचे कारण नाही. तेथे सुरक्षित असलेला साधा पोशाख पुरेसा आहे. मोठ्यांनी एका रात्रीसाठी ऐतिहासिक थाटाचा पोशाख हवा असल्यास तो भाड्याने घेण्याचा विचार आधी करावा, कारण खऱ्या अस्तराचा, चेन लावलेला, नीट बेतलेला झगा विकत घेणे महाग पडते. माझा कल मात्र जोडून केलेल्या पोशाखाकडे आहे. जुन्या कपड्यांच्या दुकानातला काळा कोट किंवा लांब झगा हा मुळात खरा कपडा असतो, त्याची शिवण रोज वापरण्यासाठी केलेली असते, आणि सगळी बचत एका चांगल्या विगवर किंवा टोपीवर खर्च करता येते. पाहणाऱ्याची नजर आधी चेहऱ्याकडे आणि डोक्याकडे जाते, त्यामुळे पैसे तेथेच घालणे मला शहाणपणाचे वाटते.

वेळेचाही हिशेब आहे. सप्टेंबरच्या अखेरीस आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला मापे भरपूर असतात, पण सूट कमी असते. शेवटच्या आठवड्यात सूट मिळाली तरी मधली मापे संपलेली असतात आणि उरलेल्यांत निवड करावी लागते. 31 ऑक्टोबर उलटल्यावर दर झपाट्याने उतरतात. तेव्हा पात्राच्या नावाचा पोशाख घेण्यात जोखीम असते, कारण वर्षभरात मुलाची आवड बदलते. चेटकीण, सांगाडा, समुद्री चाचा अशी कधीही न शिळी होणारी रूपे, साध्या झुली आणि टोप्या मात्र एक माप मोठे घेऊन ठेवाव्यात. शेवटी, मुखवटे, विग आणि उघडलेले पोशाख परत न घेण्याचा नियम अनेक दुकानांत असतो आणि काही ठिकाणी परतीची मुदत हॅलोविनच्या आधीच संपते, म्हणून पैसे देण्यापूर्वी तो नियम वाचावा, पावती जपावी आणि पोशाख घरी आल्याच्या दिवशीच, चिठ्ठ्या न कापता, मुलाला घालून जिना चढायला, खाली बसायला आणि हात वर करायला सांगावे.