परदेशात राहून काम करायला निघालात? डेटा प्लॅनच्या या चुका टाळा

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या घरात रेंज येते ती फक्त मागच्या माडाखाली. पावसात तीही गेली की लॅपटॉप उचलायचा आणि सड्यावर जायचं. इतका सराव झालेला माणूस परदेशात नेटपायी अडेल असं वाटलं नव्हतं. पुण्याच्या ऑफिसचं काम सहा महिने लिस्बनमधून करायला गेलो आणि तिसऱ्या आठवड्यातच अडलो. आता शेजारचा मुलगा निघालाय. त्याला ओटीवर बसवून जे सांगितलं, तेच इथे लिहितोय.

'अनलिमिटेड' शब्दाला भुलणं

माझी पहिली चूक हीच. निघण्याआधी ऑनलाइन ई-सिम घेतलं (कार्ड न घालता फोनमध्येच उतरवायचं सिम), अनलिमिटेड. दुपारपर्यंत सगळं झकास, मग स्पीड एकदम खाली. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज जायचे, पण स्क्रीन शेअर करायला गेलो की चित्र गोठायचं. रोजचे ठरावीक जीबी संपले की वेग उतरतो, हे अटींमध्ये लिहिलेलं होतं. मी वाचलं नव्हतं. काही पॅकमध्ये तर हॉटस्पॉटच, म्हणजे फोनचं नेट दुसऱ्या यंत्राला देण्याची सोयच, बंद असते, म्हणजे लॅपटॉपला त्याचा काही उपयोग नाही.

हिशोब घरीच करा. 720p दर्जाचा दोघांचा व्हिडिओ कॉल जाता-येता मिळून तासाला साधारण 1 जीबी खातो. दिवसाला तीन तास मीटिंग, महिन्याला 22 दिवस, म्हणजे 66 जीबी. फाइल आणि अपडेट वेगळे. माझ्या अंदाजावर विसंबू नका. निघण्याआधी एक आठवडा फक्त मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करा आणि लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये किती डेटा गेला ते बघा.

पर्यटकांचं पॅक पहिल्या चार दिवसांपुरतं ठीक आहे. महिने काढायचे असतील तर तिथल्या कंपनीचं सिम घ्या. पासपोर्ट बरोबर ठेवा. जर्मनीसारख्या देशात 2017 पासून प्रीपेडलाही ओळख पटवावी लागते.

नेट आहे, पण काम होत नाही

स्पीड टेस्ट उत्तम आणि मीटिंगमध्ये मात्र आवाज उशिरा पोचतो, असं झालं तर स्पीड टेस्टमधला पिंगचा आकडा बघा, म्हणजे डेटाला जाऊन परत यायला लागणारा वेळ. अनेक प्रवासी ई-सिमचा डेटा आधी तिसऱ्याच देशातल्या गेटवेवर, म्हणजे इंटरनेटच्या दारावर, जातो आणि तिथून इंटरनेटवर येतो. म्हणजे कुडाळहून सावंतवाडीला कोल्हापूरमार्गे जाण्यासारखं! बँकेला आणि ऑफिसच्या व्हीपीएनलाही (ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायची सुरक्षित वाट) तुम्ही त्या तिसऱ्या देशात दिसता आणि लॉगिन अडतं. आपला आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, कुठला दाखवतोय ते आधी तपासा, मग आयटीवाल्यांशी भांडा.

पूर्ण रेंज आहे पण नेट अजिबातच नाही? डेटा रोमिंग चालू आहे का आणि एपीएन (सिम कंपनीच्या नेटला जोडणारी फोनमधली सेटिंग) बरोबर आहे का, एवढंच आधी बघा. शहराबाहेर रेंज जात असेल तर फोनचे बँड, म्हणजे तो कोणत्या लहरींवर चालतो ते, तपासा. युरोपात गावाकडे 800 मेगाहर्ट्झचा बँड 20 महत्त्वाचा असतो आणि भारतात विकलेल्या बऱ्याच फोनमध्ये तो नसतो.

युरोपीय संघातलं सिम 15 जून 2017 पासून संघातल्या दुसऱ्या देशातही घरच्याच दरात चालतं. म्हणून एका देशाचं स्वस्त सिम घेऊन दुसऱ्या देशात तळ ठोकू नका. चार महिन्यांत तुमचा बहुतेक मुक्काम आणि वापर बाहेरच दिसला तर कंपनी जादा आकार लावू शकते. तुर्कस्तानात तर बाहेरून आणलेला फोन कर भरून नोंदवला नाही, तर तिथल्या सिमवर 120 दिवसांनी बंद पडतो.

घरचा नंबर मरू देणं

सगळ्यात महाग पडते ती ही चूक. बँकेचा ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो. 90 दिवस काहीच वापर नसेल तर कंपनी नंबर बंद करू शकते, आणि तो परत मिळवायला परदेशातून कुठल्या दुकानात जाणार? ट्रायच्या (दूरसंचार नियामक) डिसेंबर 2024 च्या नियमानंतर फक्त कॉल आणि एसएमएसची पॅक निघाली आहेत, 365 दिवसांचीसुद्धा. तसलं एक मारा आणि आंतरराष्ट्रीय रोमिंग इथूनच चालू करून घ्या. जुनं सिम ई-सिम करायचं असेल तर विमानाच्या दिवशी नको, कारण सिम बदलल्यावर 24 तास एसएमएस बंद असतात.

आपल्याकडे घराआड एक माणूस आखातात, म्हणून हेही सांगतो: दुबईत व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातो, कॉल लागत नाही. घरच्यांशी बोलायचं कसं ते निघण्याआधी ठरवा.

आणि दोष कोणत्या टोकाला आहे ते बघा. "झिला, तुझो आवाज तुटता रे," असं आई रोज म्हणायची, म्हणून मी लिस्बनमध्ये दोन सिम बदलली. आई स्वयंपाकघरातून बोलत होती.